एक थाप, दोन थापा

मी मारकुटा माणूस. जिनिंगच्या फाटकावर जमादार होतो तेव्हा माझ्या हातात कायम बाभळीची काठी असायची आणि ती शोभेला नव्हती. दिवाळी सरली की आमच्या त्या पूर्णा रोडवरच्या आवारात कापसाच्या बैलगाड्या, ट्रक, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आणि रुईच्या गाठी ओढणारे हमाल, सगळे एकाच फाटकातून आत यायचे आणि त्याच फाटकातून बाहेर पडायचे. माणसांना चालायला वेगळी वाट काढा, असं मी मालकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जागा कुठाय? जागा होती. तिथं त्याची मोटार उभी असायची.

मग वाट मी काठीनं काढायचो. बैल बिथरला तर बैलाला, ट्रकच्या मागून कुणी आडवा निघाला तर त्याच्या पोटरीवर. लोक आयमाय काढायचे. काढोत. माझ्या काठीनं पोटऱ्या सुजल्या, तुटल्या नाहीत. चाकाखाली गेलेली पोटरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळं या बाबतीत कुणाचं शहाणपण मी ऐकून घेत नाही.

आत यंत्रं चालू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून गाडी मागं घेताना तोंडाचं काम हातानं चालायचं. क्लीनर मागं उभा राहायचा आणि ट्रकच्या पत्र्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे येऊ दे. ड्रायव्हरला ठाऊक, क्लीनरला ठाऊक, हमालांना ठाऊक. बायांना कुणी सांगितलं नव्हतं. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायांचा गाडीशी काय संबंध, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

त्या दुपारी एक ट्रक गाठी भरायला ओट्याकडं मागं येत होता. क्लीनर कागद घेऊन ऑफिसात गेलेला. ओट्यावरच्या एका हमालाचा गाठी ओढायचा लोखंडी आकडा खाली पडला आणि तो उचलायला त्यानं ट्रक आणि ओट्याच्या मधल्या फटीत उडी टाकली. त्याची बायको पाटी घेऊन बाजूनंच चालली होती. तिनं पाहिलं नवरा खाली वाकलाय आणि गाडी येतेय. ती ओरडली, पण यंत्रांपुढं तिचा आवाज तिलाच आला नसेल. मग तिनं पाटी फेकली आणि दोन्ही हातांनी ट्रकचा पत्रा बडवायला लागली.

भेदरलेला माणूस एकच थाप मारून थांबत नाही. ड्रायव्हरला वाटलं, क्लीनर परत आला आणि लवकर घे म्हणतोय. त्यानं गाडी दाबली.

मी धावत पोहोचलो तेव्हा हमालाची छाती ओट्याच्या दगडाला चेपलेली होती आणि हातात आकडा तसाच होता. गाडी पुढं घेतली तसा तो खाली बसला, झोप आल्यासारखा. तोंडातून रक्त आलं आणि संपलं.

यंत्रं बंद झाली आणि पुढचं सगळं भराभर झालं. हमालांनी ड्रायव्हरला केबिनमधून ओढून खाली आपटलं. पहिल्या लाथेतच त्याचे पुढचे दात गेले. एकानं आकडा त्याच्या खांद्यात रुतवून त्याला फरफटत नेला. कुणीतरी त्याची जात विचारली. नामांतराची वर्षं होती ती. भांडण कशाचंही असो, हा प्रश्न आधी यायचा आणि उत्तरावर मार ठरायचा. उत्तर द्यायला ड्रायव्हरचं तोंड धड राहिलं नव्हतं. तेवढ्यात एकानं रॉकेलचा डबा आणला आणि ट्रक पेटवायची भाषा सुरू झाली. जिथं बिडी ओढायला बंदी, तिथं कापसाच्या गंज्यांमध्ये हे बहाद्दर काडी ओढणार होते. मी डबा आणणाऱ्याच्या मनगटावर काठी हाणली. हाड वाजलं. डबा सुटला.

ड्रायव्हरला वजनकाट्याच्या खोलीत ढकलून मी दाराला पाठ लावली. आतून तो फुटक्या तोंडानं एकच म्हणत होता, "दोनाच्या वर थापा पडल्या, जमादार. म्हनून घेतली मागं." तो खरं बोलत होता. थापा कुणाच्या ते मी लांबून पाहिलं होतं. बोललो तर ही बाई जन्मभर मेली, नाही बोललो तर हा माणूस आत्ता मरतो. दार माझ्या पाठीवर हलत होतं, कपाळावर दगड बसून डोळ्यात रक्त उतरत होतं आणि मला त्या गर्दीतल्या प्रत्येकाला फोडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. ती आली. लुगडं नवऱ्याच्या रक्तानं माखलेलं. तिनं आतलं बोलणं ऐकलं होतं. तिनं आपल्या लाल झालेल्या तळहातांकडं पाहिलं.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "थापा म्या मारल्या. एक म्हंजी थांब, हे मला कुनी सांगितलं व्हतं?"

आकडे खाली आले. तिच्यावर हात उचलायची हिंमत कुणात नव्हती आणि ड्रायव्हरवर उचलायला आता तोंड नव्हतं. ड्रायव्हर जगला, पण त्याचा खांदा कायमचा गेला.

मालकानं भिंतीवर 'सावकाश चला' असं रंगवून घेतलं. बैल गेला अन् झोपा केला, तोही निम्म्या लोकांना वाचता न येणारा. खरा बदल तिनं केला. नवऱ्याचे दिवस घातल्यावर ती आली आणि म्हणाली, गाडीमागं मी उभी ऱ्हाते. मालक कुरकुरला. मी म्हणालो, नसेल ठेवायची तर ही काठी घ्या आणि फाटक तुम्ही सांभाळा. त्या दिवसापासून आमच्याकडं थाप एक असो की शंभर, अर्थ एकच: थांब. मागं यायचं तर तिची शिट्टी. हे तिनं प्रत्येक बाईला सांगितलं, धरून धरून सांगितलं.

पुढच्या हंगामात एक नवा ड्रायव्हर आला. बाईच्या शिट्टीवर गाडी चालवायची त्याला लाज वाटत असावी. तो शिट्टीची वाट न बघता मागं सुटला. ओट्यापाशी बाया बसलेल्या. तिनं पत्र्यावर थाप मारली, तो हसला आणि येतच राहिला. ती धावत जाऊन केबिनच्या पायरीवर चढली, खिडकीतून हात घातला आणि त्याच्या कानशिलात दिली. गाडी जागच्या जागी थांबली.

तो गाल धरून माझ्याकडं आला. बाईनं हात उचलला, म्हणाला. मी विचारलं, किती मारल्या? एक, म्हणाला. मग थांबायचं असतं, असं सांगून मी त्याला हाकलला.

ती ओट्याला टेकून बसली होती. मला वाटलं खुशीत असेल, तर ती रडत होती आणि तळहात लुगड्याला पुसत होती.

"एकच पुरली असती, जमादार," ती म्हणाली.