फोटोतल्या केळी कुठे गेल्या?

११ जानेवारी, रविवार. दुकान बंद, मांडीवर तुरीच्या शेंगांची परात आणि बाजूला मोबाईल. रविवारी सकाळी मी आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर आलेले फोटो तपासते. एक शेंग सोलायची, एक फोटो बघायचा... मंजूर किंवा नामंजूर.

ग्रुपमध्ये नव्याने आलेल्यांनी आधी हे पूर्ण वाचावं. दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, ‘अक्का, माणसांच्या फोटोबद्दल एवढा कडक नियम का?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला मला वेळ नाही. म्हणून हे एकदाच लिहून वर लावून ठेवते आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

आधी माझ्याबद्दल. भुताखेतांवर, दैवी चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही. जळगावात आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. घरात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी लोक फोटो घेऊन आमच्याकडेच येतात. इतकी वर्षं मेलेल्या माणसांना मी स्वतःच्या हाताने काच लावते आहे, त्यातलं एकही माझ्याशी बोललेलं नाही. तेव्हा ‘अक्का भोळी आहे’ असं कोणी म्हणू नये.

ग्रुपचे नियम साधे आहेत. फोटो स्वतः काढलेला हवा. दिवसाला एकच. गुड मॉर्निंगचे गुलाब नकोत, जावयाच्या नव्या गाडीचे हार-नारळ नकोत. दुसऱ्याच्या फोटोखाली नुसतं ‘नाइस’ लिहून पळायचं नाही, काय आवडलं, काय खटकलं ते लिहायचं. आणि तेव्हा फोटोसोबत तीन गोष्टी द्यायच्या असत — काय आहे, कुठे काढला, माणूस असेल तर त्याची परवानगी घेतली का. हे सगळं दुसरी-तिसरीतलं पोरही पाळेल. पण हातात महागडा कॅमेरा आला की मोठ्या माणसांचं डोकं कुठे जातं, कोण जाणे!

तर ११ जानेवारीच्या त्या रविवारी हर्षल नावाच्या नव्या मेंबरचा फोटो आला. धुळ्याचा मुलगा, चांगल्या नोकरीत. भरीत पार्टीचा फोटो. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, आणि वांगं उलटवताना मान वळवून खळखळून हसणारी एक बाई. मागे केळीची हिरवीगार रांग. खाली लिहिलं होतं: ‘भरीत पार्टी, यावल. परवानगी घेतली आहे. कष्टकरी सौंदर्य!’ शेवटचे दोन शब्द वाचून मला तिडीक आली. कोपऱ्यात त्याचं स्वतःचं नावही भलं मोठं. पण फोटो चांगला होता आणि तिन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. मंजूर केला.

पाच मिनिटांत नानांची कॉमेंट आली. नाना म्हणजे धुळ्याचे आमचे दुसरे अ‍ॅडमिन, निवृत्त मास्तर. मास्तरकी अजून गेलेली नाही. त्यांनी लिहिलं होतं: ‘हसू सुरेख टिपलं आहे. पण मागच्या केळीच्या पानांकडे नजर ओढली जाते. दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं.’

ही कॉमेंट लक्षात ठेवा.

ग्रुपवर माझा नंबर दिलेला आहे. दुपारी जेवायला बसणार तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई होती, धापा टाकत अहिराणीत बोलत होती.

“ताई, तुम्हना ग्रुपमा मनी बहीनना फोटू शे. मंगलाना. वांगा भाजी ऱ्हायनी ती. तो काढी टाका, पाया पडस तुम्हना.”

शांतपणे सांगा म्हटलं. तिने सांगितलं ते थोडक्यात असं: मंगला नवऱ्याला सोडून पोरीला घेऊन निघून आली होती. मागच्या वेळी त्याने तिला शोधून काढलं, तेव्हा तिचा हात मोडला आणि पोरीला उचलून नेलं होतं. मोठ्या मुश्किलीने पोर परत मिळाली. आता ती कुठे आहे, हे या बहिणीशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. आणि आज कोणीतरी तो फोटो थेट नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवला होता.

“तो दोन जनस्ले लिसन गाडीमा निंघी गया, ताई.”

“कुठे?”

“चाळीसगावले.”

“चाळीसगावला कशाला? फोटो तर यावलचा आहे.”

मग ती अगदी हळू बोलली.

“तुम्हले कोनी सांगं ती यावलले शे?”

“फोटोखाली लिहिलंय की.”

“नही ताई. फोटूखाले चाळीसगाव लिखेल शे. तेच तं मले समजी नही ऱ्हायनं, ती चाळीसगावले कशी गयी!”

मी फोन कानाला तसाच ठेवून घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर ग्रुप उघडला. ‘भरीत पार्टी, चाळीसगाव. परवानगी घेतली आहे. कष्टकरी सौंदर्य!’ तीच बाई, तेच हसू, हातात तेच वांगं, धुराची रेघही तीच. पण मागे केळी नव्हत्या. वाळलेल्या कपाशीचं उघडं रान आणि त्यापलीकडे रेल्वेच्या विजेच्या तारांचे खांब, एकामागे एक.

आणि खाली नानांची कॉमेंट जशीच्या तशी: ‘मागच्या केळीच्या पानांकडे नजर ओढली जाते...’

मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू! पण घाबरायला वेळ नव्हता. मजकूर कोणी बदलला तर पोस्टवर तशी खूण येते. खूण नव्हती. आणि आमच्या ग्रुपवर एकदा मंजूर झालेला फोटो बदलताच येत नाही, पोस्ट काढून नवी टाकावी लागते. ती पुन्हा माझ्याकडेच मंजुरीला आली असती. आली नव्हती.

तिच्या बहिणीला म्हटलं, “फोटो मी आत्ता काढणार नाही. काढला तर त्याला संशय येईल. जाऊ दे त्याला चाळीसगावला. तुम्ही मंगलाला फोन करा, म्हणावं सामान बांध. मी जळगावहून निघते. मी जवळ आहे.”

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरा इलाजही नव्हता तिच्याकडे.

निघता निघता हर्षलला फोन लावला.

“परवानगी कोणाची घेतली होतीस?”

“शेतमालकाची, अक्का. भाऊंना विचारलं ना मी. ते म्हणाले, काढ बिनधास्त.”

“तू भाऊंचा फोटो काढलास?”

“नाही... त्या बाईंचा.”

“मग भाऊंना कशाला विचारलंस? ती काय त्यांच्या शेतातली केळ आहे?”

“अक्का, आपल्याकडे तसंच विचारतात ना. शेत त्यांचं, पार्टी त्यांची... आणि बाईमाणसाला असं एकदम कसं विचारायचं? बरं दिसत नाही.”

न विचारता तिचा चेहरा गावभर करणं बरं दिसतं! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, ग्रुपच्या भाषेच्या नियमात बसणार नाही. शेवटी म्हटलं, “कॅमेऱ्यातला मूळ फोटो आत्ताच्या आत्ता पाठव.”

“पाठवतो. पण अक्का, फोटो छान आलाय ना?”

मी फोन ठेवला. दुकानाच्या व्हॅनमध्ये बसले तोवर मूळ फोटो आला. मागे केळी. हिरव्यागार.

आमचे हे म्हणाले, “मी येतो सोबत.” म्हटलं, “तुम्ही घरी थांबा, बहिणीचा फोन आला तर घ्या. आणि शेंगा सोला.”

तापी ओलांडली, यावल गाठलं. मंगला पार्ट्यांचा स्वयंपाक करत होती, राहायला त्या शेतातच खोली. पत्र्याच्या दारात ती पोरीला घेऊन उभी होती, दोन पिशव्या, एक पातेलं. मी गाडीतून उतरले आणि समोर बघत राहिले. तीन दगडांची चूल, काळी पडलेली माती, आणि मागे केळीची रांग. फोटो इथलाच. इथे उभं राहून रेल्वेचा एक खांब दिसत नव्हता.

शेतमालक भाऊ खाटेवरून उठले. “अहो ताई, अशी कशी नेता? संध्याकाळी चाळीस मानसांची पार्टी आहे. मला विचारलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तिला विचारलं.”

गाडीत मी तिला ग्रुपवरचा फोटो दाखवला. पोर वाकून म्हणाली, “आई, आपली केळी कथी गयी?” मंगला बोट लावून खांब बघत राहिली.

“ताई, मी चाळीसगाव बघेल बी नही.”

“त्या दिवशी त्याने कॅमेरा रोखला ते कळलं होतं तुला?”

“नही. पोर वांगाले मामाना नाक म्हनी ऱ्हायनी व्हती, तेन्हाकरता हसनू मी.”

तिला सुखरूप पोहोचवलं. कुठे, ते लिहिणार नाही. आणि मंगला, तुझा नवरा हे वाचत असेल तर खुशाल वाचू दे. यावलला आता तू नाहीस, आणि जिथे आहेस तिथल्या दारात बायकाच बायका उभ्या आहेत.

मगच मी ग्रुपवरून तो फोटो काढला. त्याआधी तो जसा दिसत होता तसा उतरवून ठेवला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. नवरा हात हलवत गावी परतला होता आणि पारावर बसून सगळ्यांना सांगत होता... जागा सापडली म्हणे. रेल्वेचे खांब, कपाशीचं रान, तीन दगडांची चूल. राखेत हात घातला तर गरम होती. फक्त माणूस कोणी नव्हतं, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी सांगितलं की इथे कसली पार्टी झालेलीच नाही. शेवटी त्यांनीच या तिघांना काठ्या दाखवून हाकललं.

मी दुकानाच्या मोठ्या स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. खूप मोठे करून पाहिले. केसाची बट नि बट सारखी. एआयने कोणी केलं असेल, असं आता तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण कोणी? हर्षलला फोटो नीट कापताही येत नाही. बहिणीला मोबाईलवर फोन लावण्यापलीकडे काही येत नाही. आणि ज्याने कोणी केलं, त्याला मंगला लपून राहते हे कसं कळलं? चाळीसगावची गरम राख कुठून आली? नाना म्हणाले, “मी केळी पाहिल्या, शपथेवर सांगतो. बाकी मला विचारू नका.” नानांना उत्तर येत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला काहीही समजलेलं नाही. आजही नाही. मात्र मला राग येतो तो याचा की त्या दिवशी तिला वाचवायला असलं काही घडावं लागलं. हर्षलने एक प्रश्न, चार शब्दांचा — ‘तुमचा फोटो काढू का?’ — योग्य माणसाला विचारला असता, तर कशाचीच गरज नव्हती. दर वेळी केळीचे खांब होणार नाहीत, हे डोक्यात ठेवा.

गाडीतून उतरताना मी मंगलाला विचारलं होतं, “फोटोचं काय करू? तुझा आहे, तू सांग.” तिने जरा विचार केला. मग म्हणाली, “सगळीकडथाईन काढी टाका. पन मले एक द्या, ताई. मना हसतांना फोटू एक बी नही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. आधी ग्रुपचा नियम बदलून वर लावला: माणूस असेल तर परवानगी त्याच माणसाची, आणि ठिकाण लिहायचं नाही. मग हर्षलला काढून टाकलं. लगेच त्याचा मेसेज आला — ‘अक्का, चूक झाली. पण तो फोटो कुठे वापरणार असाल तर क्रेडिट द्या.’

मी फोटोची प्रिंट काढली. कोणत्या फोटोची ते सांगायची गरज नाही, कारण काचेखाली बसवायचा पुठ्ठा मी असा कापला की मधल्या चौकटीतून फक्त तिचा हसरा चेहरा दिसावा. मागचं रान पुठ्ठ्याखाली गेलं. कोपऱ्यातलं हर्षलचं नावही.