विमलची फायनल

बातमी मला नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावरच कळली. दुपारची ड्यूटी होती, हेडफोन कानाला होता, आणि समोरचा दिवा लागला म्हणून मी सवयीनं कॉर्ड लावली. पलीकडे प्रकाश होता, विमलचा धाकटा भाऊ. इस्पितळाच्या फोनवरून बोलत होता. "मालूताई, ताई गेली..." एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं. का कोण जाणे, पण "बरं" म्हटलं आणि कॉर्ड काढली. किडनीच्या दुखण्यानं तिला वर्षभर पोखरलं होतं, तेव्हा धक्का बसला असं म्हणवत नाही. नुसता थकवा आला. थोड्या वेळानं मुंबईच्या बोर्डावरची मर्सी लाइनवर आली आणि नेहमीसारखी विचारू लागली, "व्हॉट अबाऊट विमल? आज कशी आहे?" या मर्सीला आम्ही दोघींनी कधी पाहिलेलं नाही. वीस वर्षं नुसता आवाज. पण विमल गेल्याचं मी सगळ्यांत आधी सांगितलं ते तिला. ती म्हणाली, "आता स्कोअर कोणाला सांगू?"

हे स्कोअरचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. विमलला टेनिसचं वेड होतं. रॅकेट तिनं जन्मात हातात धरली नव्हती. तिचे वडील सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात माळी होते. हिरवळीवर रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, हे त्यांचं काम. दुपारी त्यांचा डबा घेऊन ती जायची आणि मेंदीच्या कुंपणाबाहेर बसून राहायची. आत जाता येत नसे. खेळ दिसत नसे, नुसता चेंडूचा आवाज यायचा. कोणाचा फटका नीट बसला, कोणाचा जाळीत गेला, हे आवाजावरून ओळखायला ती शिकली. छप्पन साली घरच्या सगळ्यांबरोबर तिनं धम्मदीक्षा घेतली, पुढं मॅट्रिक झाली आणि साठच्या सुमारास माझ्याच बरोबर एक्स्चेंजमध्ये लागली. मी महाल भागातली, कारकुनाच्या घरातली. ती इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली. पहिल्या आठवड्यातच तिनं मला विचारलं, "तुले डेव्हिस कप मालूम हाय का वं?" मला वाटलं, चहाच्या कपाचा काही प्रकार असेल. ती इतकी हसली, की सुपरवायझर उठून आले. तो टेनिसमधला देशादेशांच्या संघांचा कप, हे मला तिनंच मग सांगितलं.

त्या काळी नागपुरात टेनिस कळायचं कसं? इंग्रजी पेपरच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी. तेही दुसऱ्या दिवशी. रेडिओवर खरखरीतून येणारी विलायती कॉमेंट्री. आणि मर्सी. मुंबईची लाइन तपासताना मर्सी "हॅलो नागपूर, लाइन क्लिअर" म्हणायची आणि त्याच दमात "सिक्स-फोर, थ्री-ऑल" असा स्कोअर जोडून द्यायची. ते ऐकलं, की विमलची पाठ ताठ व्हायची. चेहऱ्यावरून आम्हाला निकाल कळे. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना विंबल्डनची दारं उघडली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कोणी तरी नाक मुरडलं, की आता त्या खेळाची शान गेली. विमलनं पोळीचा घास खाली ठेवला. "पैसे घेऊन खेळते म्हंजे काम करते ना तो मानूस? मग कामाले काहून हसता?" मला मात्र तिच्या या वेडाचा कधी कधी कंटाळा यायचा, हे आज कबूल करते. दिवसभर लोकांचे नंबर ऐकून कान किटलेले असायचे, त्यात हिचे सहा-चार नि सात-पाच.

मग चौऱ्याहत्तर साल आलं. डेव्हिस कपात आपला संघ एकेक देश मागं टाकत निघाला होता. मे महिन्यात कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाला हरवलं तेव्हा विमलनं सीताबर्डीवरून पेढे आणून अख्ख्या शिफ्टला वाटले. सप्टेंबरातली उपांत्य लढत पुण्याला होती. पुणं म्हणजे एका गाडीचा प्रवास. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खेळासाठी रजा मागितली, मंजूर झाली, रिझर्व्हेशनही झालं. माझ्या मावशीकडे उतरायचं ठरलं. मी मावशीला पत्र टाकलं, त्यात "हिला तिखट चालतं" असंही लिहिलं. आणि निघायच्या दोन दिवस आधी माझ्या लेकीला, सुधाला टायफॉइड झाला. ताप उतरेना. माझे यजमान दौऱ्यावर, घरात दुसरं कोणी नाही. सुपरवायझर म्हणाले, बोर्डावर माणसं नाहीत, एकीलाच सोडता येईल. मी काही बोलायच्या आतच विमल टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "माझी रजा रद्द करा साहेब. हिले द्या."

"अगं, पण तुझं पुणं..." मी म्हटलं.

"टायफॉइड थांबते का कोनासाठी? जा तू घरी. मी फायनल पाहीन."

मी गेले. दुसऱ्यांदा "नको" म्हटलं नाही. पोर आजारी असली, की माणूस इतरांचं फारसं पाहत नाही, हे खरं, पण ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आता त्यात जोर उरलेला नाही. सुधा बरी झाली. आपला संघ पुण्यात जिंकला. विमलनं तो निकाल मर्सीकडून बोर्डावर बसूनच ऐकला.

फायनल होती दक्षिण आफ्रिकेशी. आणि ती झालीच नाही. तिथं काळ्या माणसांना जसं वागवतात, त्याचा निषेध म्हणून आपल्या देशानं खेळायचं नाकारलं. कप त्यांना मिळाला, न खेळता. त्या दिवशी रेस्टरूममध्ये पेपर हातोहात फिरत होता. सुपरवायझर चिडले होते. "खेळात राजकारण कशाला आणायचं? हाती आलेला कप घालवला!" विमल किटलीतून चहा ओतत होती. न वळता म्हणाली, "माझा बाप वीस वर्सं त्या कोर्टावर रेघा आखत होता साहेब. आखून झाल्या, का त्याले म्हनत, आता बाहेर हो. तिकडं तर अख्ख्या लोकायलेच बाहेर काढून ठेवलं हाये. नाही खेळले, तेच बरं केलं." कप विसळायला म्हणून ती मोरीवर गेली ती येईना. मी गेले तर नळ चालू, आणि ती कप हातात धरून रडत उभी.

"तूच म्हणालीस ना, बरं झालं म्हणून? मग रडतेस कशाला?"

"बरं झालं, म्हनून रडाले येत नाही का वं?"

पुढची दहा वर्षं मी कशी सांगू... सारखीच गेली. तिची आई अंथरुणाला खिळली, तिचं केलं. प्रकाशचं लग्न लावलं. गावात टीव्ही आला, तेव्हा एका संध्याकाळी विंबल्डनची फायनल पाहायला मी तिला घरी बोलावलं. शेजारपाजारचे पंधरा जण सतरंजीवर. ती पुढं बसून एकटक बघत होती. नंतर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "चांगलं होतं. पन बोलनारे लई बोलतात. चेंडू ऐकूच येत नाही." तेव्हाच तिचे पाय सुजायला लागले होते. चप्पल घालताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. पुन्हा कधी पाहायला आली नाही.

विमलच्या जलदान विधीनंतर, म्हणजे दिवसकार्यानंतर, आठवड्यानं मी इंदोऱ्याला गेले. प्रकाशनं तिची पत्र्याची पेटी उघडली होती. साड्या, नोकरीची कागदपत्रं. त्याखालून त्यानं एक गडद निळं पुस्तक काढून माझ्या हाती दिलं. "मालूताई, हे काहून काढलं असंन हो ताईनं? आमाले कोनालेच मालूम नाही."

पासपोर्ट होता. विमलचा. केस चापून बसवलेले, कॅमेऱ्याकडे रागानं पाहणारा फोटो. तारीख ऑक्टोबर चौऱ्याहत्तरची. पासपोर्ट हाती पडायला तेव्हा महिनेन्‌महिने लागत, म्हणजे अर्ज तिनं पेढे वाटले त्याच सुमारास केला असणार. फायनल जगात कुठंही होवो, ती जाणार होती. माझ्यासाठी पुणं सोडताना "फायनल पाहीन" म्हणाली, ते माझ्या समजुतीसाठी नव्हतं... ती खरंच तसं ठरवून बसली होती. मी पानं उलटली. सगळी कोरी. आत शिक्का एकच, पाच वर्षांनी आणखी पाच वर्षं मुदत वाढवून दिल्याचा. म्हणजे एकोणऐंशीत, आईचं दुखणं चालू असताना, कोणाला न सांगता ती पुन्हा त्या कचेरीत गेली होती, रांगेत उभी राहिली होती.

प्रकाशला मी काय सांगणार? "तिला मॅच बघायला जायचं होतं," म्हटलं. पेटीचं झाकण लावत तो म्हणाला, "तुमीच ठेवा." पासपोर्ट आता माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीत. सकाळी कपाट उघडलं, की हात आपोआप तिकडं जातो. त्याची मुदत अजून संपलेली नाही. या ऑक्टोबरपर्यंत आहे.