अमोनिया सपाट नसतो

अकरावीत असताना रसायनशास्त्राच्या सरांनी फळ्यावर अमोनिया काढला. मधे नायट्रोजन, भोवती तीन हायड्रोजन, सगळं एका पातळीत, कोन एकशेवीस अंशांचे. मी कामरगावहून कारंज्याला शिकायला यायची. आदल्याच दिवशी पुस्तकात वेगळं वाचलं होतं, म्हणून उठले.

"सर, हा रेणू सपाट नसते. नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनची एक जोडी उरते, ते तिन्ही बंधाईले खाली ढकलते."

सरांनी आकृतीकडे पाहिलंही नाही. "बंधाईले?" एवढंच म्हणून, 'बंधांना'साठीच्या माझ्या बोलीतल्या शब्दावर त्यांनी वर्ग हसवला. आधी मराठी शीक, रसायन नंतर, असं सांगून तास संपेपर्यंत उभं ठेवलं. चुकीची आकृती सगळ्यांनी वहीत उतरवली. पुढे वर्षभर ते मला 'बंधाईले' म्हणूनच हाक मारत.

एमएस्सी मी आवडीनं केली असं लोकांना सांगते. खरं तर रागानं केली.

दोन वर्षांपूर्वी वाशिमला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि शिकवायला मी होते. हजेरीच्या कागदावर सरांचं नाव दिसलं. निवृत्तीला आले होते, मला ओळखलं नाही. त्या दिवशी आम्लं घ्यायची होती. मी विषय बदलला, त्यांना फळ्यापाशी बोलावलं आणि अमोनिया काढायला सांगितला.

त्यांनी सपाटच काढला. कोन विचारला, तर एकशेवीस म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. मी थांबवलं नाही.

"ते उरलेली जोडी कुठं गेली, सर? ते तिन्ही बंधाईले खाली ढकलते ना?"

त्यांचा खडूचा हात खाली आला. आता ओळखलं होतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही. मिथेनचा एकशे साडेनऊ, अमोनियाचा एकशेसात आणि पाण्याचा एकशे साडेचार अंशांचा कोन सावकाश समजावला, तोवर ते चाळीस शिक्षकांसमोर उभे होते.

चहाच्या वेळी ते जवळ आले. तेही आमच्याच भागातल्या खेड्यातले होते, हे मला तेव्हा कळलं, कारण पहिल्यांदाच ते घरच्या बोलीत बोलले. "मले कोनं तसं शिकोलंच नव्हतं, बाई."

"मलेही नव्हतं," मी म्हणाले. "मी वाचलं होतं."

ते आणखी काही बोलणार होते. मी कप ठेवला आणि वर्गात गेले. संध्याकाळी घरी येताना त्यांची कीव येईल असं वाटलं होतं. अजून आलेली नाही.