आईच्या शेजारचा बुडखा

दुकानदार डेन्वरनं दोन्ही यंत्रं एकाच ट्रेलरवर लादून आणली आणि होबर्ट स्लोनच्या दारात उतरवली.

"सोमवारपतोर वापरा," तो म्हणाला. "पसंत पडंल ते ठिवा, दुसरं मी माघारी न्हेतो. दोन्ही ठेवलीत तर माझी बायको तुमचा मुका घील."

"मग नकोच," होबर्टचा थोरला भाऊ आर्विल पायरीवरून म्हणाला. "तिला बघितलंय मी."

एक होता छोटा लोडर. पट्ट्यांवर चालणारा, वासराएवढा. मागच्या फळीवर उभं राहायचं, दांडे हलवायचे, की पुढचा पंजा ओंडका उचलून चालायला लागतो. दुसरा ग्राइंडर. झाड पाडल्यावर जमिनीत उरतो तो बुडखा दळायचा, एवढंच त्याचं काम. दातेरी चाक लाकूड खाऊन भुसा करतं. बाकी कशाला हात लावणार नाही.

होबर्टचा धंदा झाडं पाडायचा. वर चढायचा तो, आणि खाली दोर धरायचा आर्विल. पूर्व केंटकीच्या त्या घळीत स्लोनांची रीतच होती : वर जाणाऱ्याचा दोर घरच्याच हातात. परक्यानं धरलेल्या दोरावर त्यांच्यातला कुणी चढला नव्हता. होबर्टच्या दोन्ही पोरी लग्न होऊन लांब गेल्या, आर्विलनं लग्नच केलं नाही, म्हणजे घरचे हात उरले होते ते आर्विलचेच. पण त्या हातांमागची छाती गेली होती. तरुणपणी कोळशाच्या खाणीत गिळलेली धूळ आता आत दगड होऊन बसलेली. नाकात नळी, खांद्याला ऑक्सिजनची टाकी. पत्रपेटीपर्यंत जायचं तरी वाटेत टेकायचा.

होबर्टनं मनात लोडर पक्का करून टाकला होता. ओंडके यंत्र उचलंल, आर्विल फळीवर उभा राहील. दांडे हलवायला छाती लागत नाही. पण असं तोंडानं म्हणायची सोय नव्हती. जेवताना तो बायकोला, ऑपलला, भलतीच कारणं सांगत बसला.

"लोडरला दळायचं चाकबी लावता येतं. एकात दोन."

"लावता येतं," आर्विल घेवड्यात मक्याचा पाव चुरत म्हणाला. "कोंबडीलाबी नांगराला जुपता येतं. डेन्वरलाच इचार. जोडलेलं चाक बुडखा चाटत बसतंय. ह्यो ग्राइंडर एका घासात खातोय."

"नुसते बुडखे दळून पोट भरंल व्हय?"

"भरंल की. पाडणारी पोरं उदंड झाल्यात. बुडखा काढायला मातूर कुणी घावत न्हाई. तू एकटा करशील."

एकटा हा शब्द ताटात पडला तसा पडून राहिला. ऑपल उठून उगीच ताक आणायला गेली.

आर्विलच्या पोटात काय होतं ते होबर्टला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात ओकच्या झाडावर होबर्ट असताना खाली आर्विलला उबळ आली आणि दोर हातभर सुटला. होबर्ट बुंध्यावर आदळला, बरगडी काळीनिळी झाली. ऑपलला त्यानं आपलाच पाय घसरला म्हणून सांगितलं. आर्विल शेजारीच उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि टोपी काढून परत घातली. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्विल लोडरच्या फळीवर चढला. टाकी दांड्याला दोरीनं बांधली. पहिल्यांदा यंत्र हिसके देत गेलं, मग हात बसला. कोठाराजवळची ओंडक्यांची रास त्यानं या कडेची त्या कडेला लावली. तोंड पोरासारखं झालं होतं. होबर्ट कुंपणाला टेकून बघत राहिला आणि त्याला वाटलं, झालं, जमलं.

"कसं वाटतंय?"

"आधीच का न्हाई काढलं असलं?" आर्विल दम खात म्हणाला. "ओंडक्याखाली बापाचा पाय मोडला नसता." मग म्हणाला, "आता त्ये दुसरं बघूया. चल आईकडं."

आईकडं म्हणजे टेकाडावर, घराण्याच्या थडग्यांत. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळे स्लोन तिथं जमायचे, गवत कापायचे, कागदी फुलं मांडायचे, झाडाखाली जेवायचे. तो रविवार तोंडावर आला होता. आर्विल लोडरच्या फळीवर उभा राहूनच वर गेला, पायी जाणं त्याला जमलं नसतं. मागनं होबर्ट ग्राइंडर चालवत.

आईच्या उजव्या हाताला बाप. डाव्या हाताला सीडरचा बुडखा. झाड वाळलं म्हणून दोघा भावांनीच पाडलेलं.

"ह्याच्यावर चालीव."

"हितं कशाला? कुणाच्या आड येतोय ह्यो?"

"चालीव म्हणतोय न्हवं."

होबर्टनं चाक टेकवलं. लाल भुसा उडाला आणि वास सुटला, आई गोधड्या ठेवायची त्या पेटीचा. अर्धा बुडखा गेला तेव्हा होबर्टनं सहज मान वर केली. आर्विल फळीवरून उतरला होता. आईच्या दगडापासून पावलं टाकत, जागेचा अदमास घेत. एक लांबी, एक रुंदी.

होबर्टनं यंत्र बंद केलं.

"थांबू नगंस," आर्विल म्हणाला. "त्या अंगाला मुळ्या हाईत. खोल घे."

"आर्विल, मी लोडर घ्यायचा ठरिवलाय."

"ठाव हाय मला."

"तू चालीवतोस की चांगला. आत्ताच बघितलं न्हवं?"

"ओंडके चालिवतो रं. दोराचं काय?" आर्विलनं बोलता बोलता बापाच्या दगडाला हात टेकला. "लोडर असला की तू वर चढणार. मी हाय तवर मी धरीन, तेबी कसा धरीन ते तुझ्या बरगडीला इचार. मी गेल्यावर कुणीतरी भाड्याचा धरंल. ग्राइंडर असला की तुझं पाय भुईवर ऱ्हातील."

"उगा मरणाच्या गोष्टी करू नगंस."

"मग कशाच्या करू? हितं उभं राहून पावसाच्या करू?" तो हसला, हसण्याची उबळ झाली, आणि ती बराच वेळ थांबेना. होबर्टनं त्याला धरलं. कोटाच्या आत हाडांशिवाय काही लागत नव्हतं. उबळ बसल्यावर आर्विल बारीक आवाजात म्हणाला, "कुदळीनं खणताना ह्या मुळ्यांनी तुमचा जीव काढला असता. बापाच्या येळंला आठवतंय न्हवं? मला तुझ्या शिव्या खात पुरून घ्यायचं न्हाई."

होबर्टनं यंत्र परत सुरू केलं. डोळ्यांत भुसा जात होता. त्याला तेवढं कारण पुरलं. सगळ्या मुळ्या निघेपर्यंत तो दळत राहिला.

सोमवारी डेन्वर आला. होबर्टनं तोंड उघडायच्या आत आर्विल पायरीवरून म्हणाला, "लोडर न्हे माघारी."

डेन्वरनं होबर्टकडं बघितलं. होबर्टनं मान हलवली. लोडर ट्रेलरवर चढताना आर्विल त्याच्याकडं टक लावून बघत होता, बाजारातून माघारी चाललेल्या चांगल्या घोड्याकडं बघावं तसा.

उन्हाळाभर होबर्टनं दुसऱ्यांनी पाडलेल्या झाडांचे बुडखे दळले. एकट्याचं काम. यंत्र थांबलं की सवयीनं मागं वळून "सोड दोर" म्हणायला तोंड उघडायचा, आणि मिटायचा.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आर्विल गेला. थडगं घरच्यांनीच खणायचं, ही तिथली दुसरी रीत. इंडियानाहून चुलतभाऊ आले, फावडी घेऊन टेकाडावर चढले. जमीन कठीण लागणार म्हणून कंबर कसूनच आले होते. दुपारच्या आतच खड्डा छातीएवढा झाला. फावड्यागणिक मातीत लाल भुसा येत होता.

एक चुलतभाऊ घाम पुसत म्हणाला, "एक मुळी आडवी आली न्हाई बघ. बरी जागा घावली."

"घावली न्हाई," होबर्ट खड्ड्यातून म्हणाला. "त्यानंच करून घेतली."

आणि फावडं खाली घातलं.