एकोणीस नंबरचं कव्हर

पूल संपला तरी मावशी काही बोलली नव्हती. निम्मी वाट सरली होती. भाचीने दोनदा विषय काढून पाहिला, एकदा गुडघ्यांचा, एकदा घराच्या गळक्या नळाचा. दोन्ही वेळा मावशीने नुसतं "हं" केलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून बाहेर पडलं की घरची बस समोरच मिळते. आज ती सोडून मावशी चालत सुटली होती, तीही उलट्या दिशेला. तिला न्यायला आलेली भाची मुकाट्याने बरोबर निघाली होती.

"मावशी, चर्चकडे निघालीस का?"

"रस्ताच तिकडे जातो, त्याला मी काय करू?"

असं तिरकं बोलणं चार महिन्यांनी कानावर पडलं. भाचीला हसू आलं.

मावशीने सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी काढली. वॉर्डांतून मळक्या कपड्यांची गाठोडी खाली यायची, ती सोडायची, निवडायची आणि मशीनकडे ढकलायची. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खाटेचा नंबर घातलेला असे. त्या खाटेवर कोण आहे, त्याला काय झालंय, हे खाली कुणालाच कळत नसे. मावशीला नंबर पुरायचा. "प्रभू, या सहा नंबरला आज तरी झोप लागू दे. चादरीचा पार चोळामोळा केलाय बिचाऱ्याने." ओठ हलत राहायचे, हात थांबत नसत.

मुकादम चिडवायचा, "मावशी, वर एवढा वशिला आहे, तर दोन नंबरचं मशीन तेवढं दुरुस्त करून घ्या की!"

"ते तुमचं काम. देवाला मुकादमाचा पगार मिळत नाही."

चर्चच्या मंडळीतही तेच. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाचं लग्न जमत नसो, लोक आधी मावशीला गाठायचे. पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे, "बाई, आठवण ठेवा हं." ती ठेवायची. कामावर जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अर्धा तास प्रार्थनेला बसायची. एकदा भाचीजवळ ती म्हणाली होती, "देवाकडे जाते ती सतत कुणाची तरी चिठ्ठी घेऊन. एकदा नुसतंच जाऊन बसायचंय बघ. काका आणि मी संध्याकाळी बसतो ना, बोलत नाही, काही नाही, तसं."

मग काका आजारी पडले. त्याच हॉस्पिटलात, धुलाईखान्यावर दोन मजले सोडून, एकोणीस नंबरच्या खाटेवर. अठरा दिवसांनी ते गेले. दफनविधी झाला आणि मावशीने चर्चला जाणं सोडलं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या साचू लागल्या.

शाळेच्या भिंतीला वळसा घातल्यावर मावशी थांबली.

"मी देवावर रागावलेय, असं म्हणतात ना सगळे?"

"म्हणतात."

"आणि तू?"

"मलाही तसंच वाटलं, मावशी."

"राग असता तर बरं झालं असतं गं. चांगली कडाकडा भांडले असते. मला लाज वाटते."

दोघी पुन्हा चालू लागल्या. मावशीची नजर रस्त्यावर होती.

"चादर रोज खाली येते, अभ्रे येतात. गादीचं कव्हर मात्र खाट रिकामी झाल्याशिवाय येत नाही. त्या दिवशी सकाळी गाठोडं सोडलं आणि वरच एकोणीस नंबरचं कव्हर. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, उद्या-परवा घरी सोडू. मला वाटलं, सोडलंच! तिथेच टेबलावर हात टेकले आणि मोठ्याने म्हटलं, प्रभू, तुझे उपकार कसे फेडू! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमाला म्हटलं, आज लवकर सोडा, ह्यांना घरी न्यायचंय. तो म्हणाला, आत्ताच पळा. वळते तर दारात वॉर्डातली सिस्टर उभी."

तिने पदराने तोंड पुसलं.

"पहाटेच गेले होते. फोन घरी केला त्यांनी, तोवर मी निघाले होते. सत्तावीस वर्षं ती कव्हरं हाताळतेय. खाट कशीकशी रिकामी होते, ते मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी दुसरं काही मनाला शिवलंच नाही. ते वर गार पडलेले, आणि मी खाली आभार मानतेय."

"तुला कुठे माहीत होतं?"

"मला नव्हतं. त्याला होतं ना. त्याने सगळं ऐकून घेतलं. आता 'प्रभू' म्हटलं की पुढचा शब्दच फुटत नाही. तेच आभार आठवतात."

देवाची इच्छा, त्याची योजना, असं काहीबाही भाचीच्या ओठांवर आलं. दफनाच्या दिवशी सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. तिने ते गिळलं आणि विचारलं, "त्याने तुला थांबवायला हवं होतं का?"

मावशी चर्चच्या फाटकातून आत वळली. "कसं थांबवणार? केवढी खूश होते मी," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कधी वाटतं, त्यालाही माझ्याकडे बघवलं नसेल."

चर्चचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं, फरशी नुकतीच पुसलेली होती. पुढून तिसरं बाक मावशीचं आणि काकांचं. तिकडे न जाता ती शेवटच्या बाकावर टेकली. हात जोडले, डोळे मिटले. "प्रभू," ती म्हणाली, आणि तिथेच अडकली. बोटांची पेरं पांढरी झाली. पुन्हा "प्रभू". गालांवरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं तरी तिने ते पुसलं नाही. भाचीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू म्हण," डोळे न उघडता मावशी म्हणाली.

"मी? मला कुठे येते तुझ्यासारखी प्रार्थना?"

"माझ्यासारखी नकोच. काही मागू नकोस, दुःख हलकं कर वगैरे म्हणू नकोस. आभार तर मुळीच नकोत. नुसतं माझं नाव घेऊन सांग त्याला, ही आलीये. इथे बसलीये. एवढंच. सांगशील?"