अतुलनीय चौर्याबद्दल

बाबा लढाईत होते हे लेकीला शाळेत कळलं, घरी नाही. घरात एवढंच ठाऊक की त्यांच्या डाव्या कानाशी बोलून उपयोग नाही. तो तोफेच्या आवाजाने गेला होता. पंचविसाव्या वर्षी कृतज्ञ सरकारने त्यांना एक पत्र्याची ट्रंक आणि घरी जायची मुभा दिली. बहिरेपणाची खरी कदर केली ती छापखान्याच्या मालकाने. "एका कानाने बहिरे? उत्तम! मशीनच्या आवाजाची तक्रार निम्मीच येईल."

तेहतीस वर्षं बाबा उभ्याने शिशाचे खिळे जुळवत राहिले. उलटी अक्षरं वाचून वाचून सुलट मजकुरावर त्यांचा विश्वासच उरला नाही. आई माहेरी गेली की तिची पत्रंही ते लाल पेन्सिलीने सुधारून परत पाठवत. शेवटी आईने माहेरी जाणंच सोडलं. संसार टिकला.

बाबा ऐंशीचे झाले आणि सरकारला एकदम त्यांची आठवण झाली. सभागृह, भाषणं, लेक तिसऱ्या रांगेत. अकरा म्हातारे सन्मानपत्रं घेऊन टाळ्यांच्या गजरात खाली उतरले. बारावे बाबा. त्यांनी चष्मा चढवला आणि उभ्याउभ्या वाचायलाच लागले. फोटोसाठी हसणाऱ्या साहेबांचं हसू वाळत चाललं.

"आजोबा, घरी नेऊन वाचा ना निवांत."

"घरी नेलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, साहेब. इथं 'अतुलनीय चौर्याबद्दल' छापलंय. आम्ही लढलो होतो, चोऱ्या नव्हत्या केल्या."

खाली अकरा चष्मे एकदम बाहेर निघाले. धरणी दुभंगेल तर बरं, असं लेकीला झालं.

कचेरीने यावर नामी तोडगा काढला: तपासायचं काम बाबांच्याच गळ्यात घातलं, अर्थात फुकट. दर मंगळवारी बाबा तिथल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून सैनिकांच्या जुन्या याद्या तपासू लागले.

एका मंगळवारी ते घरी येऊन जेवलेच नाहीत. त्यांच्या तुकडीचा स्वयंपाकी यादीत 'बेपत्ता' होता.

"बेपत्ता कसला? माझ्या मांडीवर जीव सोडला त्याने." पंचावन्न वर्षांत लढाईबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

नोंद बदलायला साक्षीदार लागतो, असं कारकुनाने सांगितलं.

"समोर बसलाय," बाबा म्हणाले.

"साक्षीदारांची खिडकी वेगळी."

सात महिने बाबांनी एकूण एक खिडकी पालथी घातली. लेक रजा टाकून, कुरकुरत, त्यांच्या उजव्या बाजूने चालत राहिली. अखेर नोंद बदलली. स्वयंपाक्याची धाकटी बहीण, सत्तरी उलटलेली, कागद घ्यायला आली.

"नक्की ना?" तिने विचारलं. "मी अजून दाराला कडी लावत नाही."

"नक्की," बाबा म्हणाले. "लावा आता."

पुढच्या वर्षी बाबा गेले. पहिल्याच मंगळवारी कचेरीतून फोन आला.

"आजोबा आले नाहीत आज?"

"ते वारले."

"अरेरे. फार वाईट झालं. याद्या पडून आहेत हो. तुम्हाला जमेल का?"

लेकीच्या तोंडून 'हो' निघून गेलं आणि मग दिवसभर ती स्वतःवरच चरफडत राहिली.