नानांचा कोरा चहा

नाना गेल्याचा निरोप एसटीडी बूथवाल्याने शाळेत आणून दिला, तेव्हा मी फळ्यावर लिहीत होतो. खडू खाली ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आता सांगायचं कायमचं राहिलं. दुःख मागाहून आलं. माणूस किती कोता असतो, ते स्वतःकडे पाहिलं की कळतं...

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात नाना म्हणजे सदा नवं खूळ डोक्यात घेऊन फिरणारा शेतकरी. एका एकादशीला खिचडीचा घास हातात धरून मला म्हणाले, "मास्तर, बठ्ठा खान्देश उपासले साबुदाणा खास, आनि तो पिकस परमुलुखमा! आपन का बरं पिकाडू नही?" मी हसलो. पण सुट्टीत दक्षिणेत, साबुदाण्याच्या सेलमला गेलो तो मीच. तिथल्या कारखान्यांत फिरलो, साबुदाण्याचा कंद किसण्यापासून दाणे भाजण्यापर्यंत सगळं वहीत उतरवलं आणि लागवडीसाठी कांड्यांची मोळी घेऊन परतलो. नानांनी केळीचं रान मोडून कंद लावला, आणखी सहा-सात जणांना लावायला लावला. सोलायचं, किसायचं यंत्र आणलं, पांढरं सत्त्व खाली बसायला हौद बांधले, वर पत्रे टाकले. कंद उपटला की दोन-तीन दिवसांत आतून काळा पडतो, म्हणून सारं गावातच झालं पाहिजे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. माल चांगला निघाला तर इंदूर-सुरतेपर्यंत पाठवू, असं जळगावचा एक व्यापारी बोलला होता. त्या दिवसांत नाना जमिनीवर नव्हतेच.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी मी परीक्षेच्या कामात अडकलो होतो. सालांचा ढीग पडला. आमच्याकडे शेतातलं उरलंसुरलं गुरांपुढेच जातं. नानांनी पहिली पाटी स्वतः डोक्यावर घेतली आणि शेजारच्या कौतिकअक्कांच्या म्हशीपुढे रिकामी केली. अक्का विधवा, त्या एका म्हशीवर घर चालवणाऱ्या. म्हैस आवडीने खात होती म्हणे. थोड्या वेळाने अक्का ओरडतच शेडवर आल्या, "नाना, मनी म्हस पडनी! बेगी चाला!" नाना पोचले तेव्हा ती तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत संपली.

संध्याकाळी गावभर एकच बोलणं. विषाचा साबुदाणा उपासाला कोण खाणार? दुसऱ्या दिवशी शेडवर कामाला बाई फिरकली नाही, व्यापाऱ्याने पाठ फिरवली, बाकीच्यांचे कंद रानातच सडले. नानांनी आपली दुभती म्हैस अक्कांच्या दावणीला नेऊन बांधली आणि दूध सोडलं. चहासुद्धा कोरा. "मीच मारी टाकं तिले, मास्तर," एवढंच एकदा म्हणाले. मी गप्प बसलो.

का बसलो, ते आज लिहितो. ताजी सालं गुरांना विषारी असतात, वाळवूनच द्या, असं सेलमच्या मुकादमाने मला दोनदा बजावलं होतं. परतल्यावर वाटलं, पीक निघायला दहा महिने आहेत, सालं निघतील तेव्हा सांगू. मग विसरलो. आणि म्हैस मेल्यावर तोंड उघडायची छाती झाली नाही. सात वर्षं मी त्यांच्या ओसरीवर बसत होतो. त्यांच्या कपात कोरा चहा, माझ्या कपात दूध... वहिनी माझ्यासाठी मुद्दाम अक्कांकडून मागवत.

परवा भेटायला गेलो. नानांची कपबशी कोनाड्यात पालथी होती. वहिनींनी चहा पुढे ठेवला, तेवढ्यात दुधाचा तांब्या घेऊन अक्काच आल्या. टेकल्या आणि म्हणाल्या, "मी नानाले कधी बोल लावा नही, मास्तर. तरी मान वर करीसन दखं नही त्यास्नी मनाकडे."

मी पिशवीतली जुनी वही काढली, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. अक्कांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"वाची दखाडा," त्या म्हणाल्या.

'ताजी सालं गुरांना घालू नयेत.' माझंच अक्षर, खाली दोन रेघा. मी वाचलं. मग कधी लिहिलं, कोणी सांगितलं, तेही सांगितलं.

अक्कांनी दुधाचा तांब्या उचलून पदराखाली धरला आणि त्या घरी गेल्या. समोरचा चहा मी तसाच, कोरा प्यालो.